मधल्याची रेघ

येलहंका
१८ फेब्रुवारी २०२४

वसू,

ठण्, ठण्, ठठण्. इथे बंगळूरच्या शिवाजीनगरात आमच्या शाळेच्या भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका करणारा एक जण होता. त्याच्या हातोडीचा हा आवाज. चौथीचा वर्ग कविता म्हणायला उठला की तो आपली हातोडी आमच्या तालावर आणायचा, की आम्हीच त्याच्या तालावर म्हणायचो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ओळीच्या शेवटी पोरं श्वास घ्यायला थांबायची, तेवढ्यात त्याचा एक घाव एकटाच पडायचा. तो एकटा घाव मला अजून ऐकू येतो. बाकी काही येत नाही. काल शेजारच्या शकुंतलाबाई दारात उभ्या राहून बराच वेळ बोलल्या, मी मान हलवत होतो. त्यांनी पातेलं पुढे केलं तेव्हा कळलं, सांबार आणलंय.

म्हणून फोन करू नकोस. कानातलं यंत्र लावलं की भांडी ऐकू येतात, माणसं नाही. एकाच गावात राहून आजोबा आणि नात टपालानं बोलतात, याला तुझा बाप वेडेपणा म्हणतो. म्हणू दे. पोस्टमन आला की मला अजून शाळेतल्यासारखी छाती धडधडते.

तुझी आई मागच्या रविवारी सर्जापूर रोडवरून येऊन गेली. मी पाटी पुढे केली, तिनं लिहिलं, ‘वसू घरी येत नाही. नीट जेवत नाही. विचारलं तर मशीन चालू आहे म्हणते.’ मी लिहिलं, ‘कसलं मशीन?’ तिनं लिहिलं, ‘देवाला माहीत.’ एवढी शिकलेली सुचेता, तिला माहीत नाही, तुझ्या बापाला, रणजीतलाही माहीत नाही. मी तर मराठीचा मास्तर. मला तू सांग. चौथीच्या वर्गाला कळेल असं सांग, शेवटच्या बाकावरची पोरंही धरून. तुझ्या त्या लॅबमध्ये तू दिवसभर काय धरून बसतेस?

तुझा
आप्पाजी


हॉस्टेल
२४ फेब्रुवारी

आप्पाजी,

शेवटच्या बाकाला कळेल असं. बघते.

एक पदार्थ बदलून दुसरा होतो तेव्हा मधे कोणीतरी असतं. पहिलाही नाही, दुसराही नाही. ते इतकं थोडं जगतं की नेहमीच्या हवेत कुठलाच डोळा त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्या मधल्याला आम्ही थंडीत पकडतो. मोठ्या बटणाएवढी एक खिडकी असते, क्षाराची, काचेसारखी आरपार. तिच्याभोवतीची सगळी हवा काढून टाकायची आणि मग तिला गार करायचं. किती, तर हिमालयाला ताप आलाय असं वाटावं इतकं. आम्ही ते केल्व्हिनमध्ये मोजतो. शून्य म्हणजे त्याच्या खाली जायला जागाच नाही, आणि आमची खिडकी दहावर असते. तिच्यावर आर्गॉन वायू सोडायचा, त्यात माझा मूळ पदार्थ अगदी स्वल्प. वायू बर्फ होऊन बसतो आणि त्या बर्फात माझे रेणू एकेकटे अडकतात. मग दिव्याचा प्रकाश टाकून ते फोडायचे. तुकडे जिथल्या तिथे. त्यांच्यातून मधला जन्मला तर पळून जाऊ शकत नाही. मग आरपार इन्फ्रारेड किरण सोडायचे. प्रत्येक रेणू त्यातले आपापल्या जागचे किरण गिळतो आणि स्क्रीनवर तिथे रेघ उतरते. रेघ कुठे आहे यावरून कोण आहे ते ओळखायचं. शेवटी एकदम पस्तीसपर्यंत तापवायचं. बर्फ सैल होतो, सगळे एकमेकांना भिडतात आणि शेवटचा पदार्थ होतो. त्याचीही रेघ येते.

मधल्याची रेघ मी मागच्या वर्षी दोनदा पाहिली, आप्पाजी. जुन्या मशीनवर. चंदना मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, पेपर लिहायला लावला आणि तो छापूनही आला. मग नवं मशीन आलं. जुनं वीसच्या खाली कधी उतरायचं नाही, हे सरळ दहावर जातं. सगळे खूश. आणि नव्या मशीनवर ती रेघ येत नाही. एकदाही नाही. शेवटच्या पदार्थाची दर वेळी येते, मधल्याची नाही. जर्मनीतल्या एका ग्रूपनं तसंच करून पाहिलं, त्यांनाही नाही. त्यांनी फार सभ्य भाषेत लिहिलं की तुमच्या जुन्या मशीनला पुरेशी थंडी नव्हती, तेव्हा तुम्ही पाहिलंत तो कचरा असावा.

एप्रिलअखेर कमिटी बसेल. तोवर रेघ दाखवली नाही तर पेपर मागे, आणि मी पीएचडी न करता नुसती एमएस घेऊन बाहेर. मॅडमनी हे शांतपणे सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या शेजारच्या टेबलावर अद्वैत बसतो, नागपूरचा. तो रोज विचारतो, ‘काय वसुमतीबाई, आज भूत आलं होतं का?’ तो वाईट नाही. मी हसते पण. हसून हसून गाल दुखतात.

एवढंच धरून बसलेय.

वसू


येलहंका
२ मार्च

माझ्या वसू,

तुझं पत्र मी दिवसभर शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो. पहिलाही नाही, दुसराही नाही. पोरी, हे तू चौथीच्या वर्गाला सांगितलं असतंस तर पोरांनी बाकं वाजवली असती.

मोठ्या वृत्तात ओळीच्या मधे एक थांबा असतो, यती म्हणतात त्याला. ओळ संपलेली नसते, अर्थही संपलेला नसतो, तरी आवाज क्षणभर टांगला जातो. तिथे काय असतं, असं मी पोरांना विचारायचो. कोणी म्हणायचं श्वास, कोणी म्हणायचं काही नाही. आता मला वाटतं, तिथे तुझा मधला असणार. आर्गॉनच्या बर्फात बसलेला, कोणाचा नसलेला, आणि माझी नात दिवा घेऊन त्याला शोधते आहे. असलं भाग्य किती जणांना मिळतं. कमिटी बसेल आणि उठेल, तिचं काय एवढं. आमच्याकडे इन्स्पेक्टर यायचे, ते येऊन गेले की आम्ही खिडक्या उघडायचो.

मी त्याच्यावर चार ओळी केल्या आहेत, पुढच्या पत्रात पाठवीन. आमच्या गल्लीत नळाला पाणी येत नाही, शकुंतलाबाई घागर घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात आणि येताना माझीही बादली भरतात. बाकी ठीक. कडबोळी पार्सल केली आहेत, अद्वैतलाही दे, तोंड बंद राहील त्याचं.

आप्पाजी


हॉस्टेल
११ मार्च

आप्पाजी,

तुमचं पत्र वाचून मी आधी चिडले आणि मग रडले. दोन्ही बाथरूममध्ये, कारण लॅबमध्ये अद्वैत कडबोळी खात होता.

मधल्यावर कविता करू नका. मी पाया पडते. तो सुंदर नाही. तो आहे की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि तो नसेल तर मी एक खोटी गोष्ट छापून जगाला दिली आहे.

आता पाणी. तुमच्या गल्लीत नाही तसं आमच्याकडेही नाही. कावेरीचं पाणी कमी, कॅम्पसच्या बोअर आटल्या. नव्या मशीनचा कॉम्प्रेसर पाण्यानं गार ठेवावा लागतो. पाणी थांबलं की तो स्वतःला बंद करून घेतो, आणि मग खिडकीवरचा सगळा बर्फ उडून जातो. संस्थेनं ठरवलंय, आधी हॉस्टेल आणि कँटीन, मग लॅब. बरोबरच आहे. लोकांनी तोंड धुवायचं की माझी खिडकी गार करायची? आम्हाला सकाळी थोडा वेळ पाणी मिळतं. माझ्या प्रयोगाला पूर्ण दिवस लागतो. मी सुरू करते, दुपारी पाणी जातं, सगळं जातं. परत सुरू करते, परत जातं. प्रत्येक वेळी मूळ पदार्थ वाया. तो बनवायला मला अख्खा पावसाळा लागला होता. आता एका वेळेपुरता उरलाय. एका.

आई फोनवर म्हणाली, ‘सोड ना. बाबांच्या कंपनीत डेटाचं काम आहे, ते उद्या घेतील तुला.’

मी म्हटलं, ‘खोटारडी म्हणून बाहेर पडू?’

‘कोण म्हणतंय तुला खोटारडी?’

कोणीच म्हणत नाही, आप्पाजी. सगळे फार नीट वागतात. मी कँटीनमध्ये गेले की बोलणं बदलतात. मला आता जुने कागद बघितले तरी शंका येते. ती रेघ इतकी बारीक आहे. मला हवी होती म्हणून मी पाहिली असेल. माणूस बघू शकतो तसं. तुम्हाला नाही का ट्रंकवाल्याचा घाव अजून ऐकू येत.

हॉस्टेलच्या गच्चीला हल्ली कुलूप लावतात. परवा वर गेले तेव्हा कळलं. कुलूप आहे ते बरं, असं वाटलं, आणि असं वाटलं म्हणून भीती वाटली. हे कोणाला सांगू नका.

वसू


येलहंका
१६ मार्च

वसू,

तुझं शेवटचं वाक्य मी पाळलेलं नाही. सुचेताला बोलावलं, तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. ती वाचून पाटी न घेताच उठली आणि गेली. तुझ्याकडेच आली असेल. तू माझ्यावर रागावशील. रागव. रागावलेली नात मला चालेल.

मी स्वतः आलो असतो. कंबर मोडल्यापासून मला रिक्षातही बसता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी त्या चार ओळी फाडल्या. तू घाबरून हाक मारत होतीस आणि मी टाळ्या वाजवत होतो. वर्गात असा मास्तर असता तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

येत्या शनिवारी तुझ्या प्रयोगाची तयारी ठेव. अख्ख्या दिवसाची. पाण्याचं काहीतरी होईल. कसं ते विचारू नकोस.

जेव. खरंच जेव.

आप्पाजी


लॅब
२३ मार्च, शनिवार

आप्पाजी,

आई आली होती. दोन दिवस हॉस्टेलच्या गेस्टरूममध्ये राहिली, माझे केस विंचरले, काही विचारलं नाही. मी तुमच्यावर रागावले होते. आता थोडी कमी आहे.

पण हे ऐका. सकाळी आमच्या ब्लॉकच्या मागे एक टँकर येऊन उभा. ड्रायव्हर म्हणाला, चंदना मॅडमच्या लॅबची टाकी भरायची. मॅडमना वाटलं ऑफिसनं पाठवला, ऑफिसला वाटलं मॅडमनी. वॉचमन म्हणाला, ‘पाणी आलंय तर घ्या ना अक्का, चौकशी मग.’ टाकी काठोकाठ भरली. तुम्ही ‘काहीतरी होईल’ लिहिलं होतंत, मला वाटलं होतं देवापुढे नारळ ठेवाल. इतकं लवकर ऐकतो का तो?

खिडकी दहावर आहे. कॉम्प्रेसर एका लयीत चाललाय, खालच्या मजल्यावर कोणी पोहे कांडतंय असं वाटतं. आर्गॉन सोडतेय, त्यात माझा उरलेला सगळा पदार्थ. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. त्या कधी हात ठेवत नाहीत. संध्याकाळी पुढचं लिहिते.

(मंगळवार)

पुढचं.

प्रकाश टाकला. दहावर रेघा घेतल्या. मधला नाही. परत टाकला, परत घेतल्या. मूळ पदार्थ फुटलेला दिसतोय, मधला नाही. मी म्हटलं, धीर धर. आणि तापमान चढायला लागलं. अकरा, बारा. कॉम्प्रेसर चालू, पाणी चालू, आणि खिडकी तापतेय. पंधरा. अगदी सावकाश, आजाऱ्याला ताप चढतो तसं. मी सगळे व्हॉल्व्ह बघितले. मॅडम घरी गेल्या होत्या. अठरा झाले तेव्हा मी स्क्रीन बंद केली आणि जिन्यात जाऊन बसले. संध्याकाळी कॉम्प्रेसर पूर्ण बंद पडला तो मला तिथेच ऐकू आला. म्हणजे काहीच ऐकू येईनासं झालं.

आमच्याकडे असा मधेच मेलेला प्रयोग ‘वाया’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतात. तो कोणी उघडत नाही, तशी पद्धतच आहे. मी टाकला.

काल इंजिनिअर आला. कॉम्प्रेसरचा पाण्याचा भाग उघडला तर आत लाल गाळ आणि चुन्याचा थर. संस्थेचं पाणी मऊ करून, गाळून येतं. हे कुठल्यातरी खोल बोअरचं, बिनगाळलेलं. आतल्या नळ्या केसासारख्या असतात, त्या बुजल्या. नवा भाग परदेशातून येणार, ऑगस्टपर्यंत. कमिटी एप्रिलमध्ये.

पदार्थ संपला. मशीन संपलं. आप्पाजी, ज्यानं ते पाणी पाठवलं त्याला एकदा माझ्यासमोर उभं करा. मी काही बोलणार नाही. मला फक्त त्याचं तोंड बघायचंय.

वसू


येलहंका
३० मार्च

वसू,

त्याचं तोंड तू तुझ्या खोलीतल्या फोटोत रोज बघतेस. ते पाणी मी पाठवलं.

तुझं गच्चीचं वाक्य वाचल्यावर मला दुसरं काही सुचेना. माझा एक जुना विद्यार्थी आहे, मोहनकुमार, आपल्याच लोकांतला, मुतालिकांच्या घरचा. आता त्याचे टँकर आहेत, येलहंक्याच्या पुढे त्याच्या शेतात बोअर आहे. त्याला निरोप पाठवला. तो आला, पाटी हातात घेऊन माझ्यापुढे बसला, अजून शाळेतल्यासारखा कोपर टेकून. मी सगळं सांगितलं. तो लिहून म्हणाला, ‘एवढंच ना मास्तर. एक गाडी सोडतो.’

मी विचारलं, ‘आत सोडतील का?’

त्यानं लिहिलं, ‘या दिवसांत पाण्याची गाडी अडवणारा वॉचमन अजून जन्मायचाय.’ आणि पुढे लिहिलं, ‘कविता पाठ नव्हती म्हणून तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं. आता तुमच्या नातीला माझं पाणी पाजतो, झाली का नाही फिट्टंफाट?’ आम्ही दोघं हसलो. मी त्याला चहा केला.

पाणी कसलं आहे, हे मी विचारलं नाही. मला वाटलं पाणी म्हणजे पाणी. तोंडात घेतलं तर खारट लागतं, साबणाला फेस येत नाही, हे या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही. माझ्याच बादलीच्या तळाला तो लाल गाळ रोज बसतो आणि मी तो रोज ओततो. तरी मला तुझ्या नळ्यांचा विचार आला नाही. तू लिहिलं होतंस, पाण्यानं गार ठेवावा लागतो. मी पुढचं एक अक्षर विचारलं नाही. तुला अचानक आनंद द्यायचा होता. तुला विचारलं असतं तर तू एका ओळीत सांगितलं असतंस.

मोहनकुमारला मी कळवलं. तो काल दारात येऊन उभा राहिला. त्याच्यावर रागावू नकोस, तो मास्तरांनी सांगितलं म्हणून गेला.

माझ्यावर काय ते ठरव. पण ठरवायला तू हवीस. उत्तर लिही, शिव्या लिही, नुसतं पाकीट पाठव.

आप्पाजी


येलहंका
५ एप्रिल

वसू,

उत्तर नाही. पोस्टमनला मी दोनदा थांबवून त्याची पिशवी बघितली, तो आता मला टाळून पलीकडच्या बाजूनं जातो.

सुचेता सांगते, तू तिच्याशी हसून बोलतेस, जेवलीस का विचारलं तर हो म्हणतेस. त्याचीच मला भीती वाटते. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, हसून हसून गाल दुखतात.

मला आता तो मधला नको, कमिटी नको, कोणाची कविता नको. ते सगळं जर्मनीला जाऊ दे. तू घरी ये. माझ्याकडे ये. इथे तुला कोणी काही विचारणार नाही, आणि तू काही बोललीस तरी मला ऐकू येणार नाही.

आप्पाजी


बाहेरच्या खोलीतून मधल्या खोलीत
१३ एप्रिल

वसू,

पाडव्याला तू पिशवी घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हापासून मी रोज ठरवतो की आज बोलीन, आणि तू भिंतीकडे तोंड करून झोपलेली असतेस. मी बोललो तर माझाच आवाज मला कळत नाही, मोठा होतो की लहान. म्हणून एकाच घरात पत्र.

पाडव्याचं कडुनिंब आणि गूळ, आपल्या शेजाऱ्यांचं बेवु-बेल्ला, शकुंतलाबाईंनी तुझ्यासाठी वाटीत ठेवलं होतं. ते तसंच वाळलं. काल तू दोन घास भात खाल्लास, त्यांनी तो चमत्कार अख्ख्या गल्लीला सांगितला असावा, कारण सकाळपासून तीन घरांतून तीन रसम आली आहेत. सुचेता संध्याकाळी येते, तुझ्या पायाशी बसून तिचं ऑफिसचं काम करते. तू डोळे मिटून घेतेस. तिला कळतं की तू जागी आहेस.

मला एकच विचारायचं आहे. माझ्यावर रागावून तू अशी आहेस का? तसं असेल तर मी गाडीत आडवा पडून का होईना, काही दिवस रणजीतकडे जाऊन राहतो, लिफ्टचं घर मला आवडत नाही तरी. दुसरं काही असेल तर ते मला सांगायला हवंस असं नाही. फक्त हो किंवा नाही लिही. कागदाची मागची बाजू कोरी आहे.

आप्पाजी


(त्याच कागदाच्या मागे)

नाही.

तुमच्यावर रागावलेली नाही. रागवायला जोर लागतो. चुकलात तुम्ही, पण तुम्ही पाणी पाठवलं नसतंत तरी रेघ आली नसती. दहावर सगळं नीट असताना आली नव्हती, मी पाहिलं ना. म्हणजे ती कधी नव्हतीच. जर्मन लोक बरोबर होते, मी कचरा पाहिला आणि त्याला नाव दिलं.

मॅडमना मेल केलाय की मी सोडते. फोन बंद करून ठेवलाय. बाबांकडे जाऊ नका. मला अजून थोडं झोपू दे.

वसू


१३ एप्रिल, दुपार

वसू,

हे घाईत लिहितो आहे. तुझं ‘नाही’ वाचून मी निदान दाढी करायला बसलो होतो. तेवढ्यात दाराच्या घंटीला जोडलेला दिवा लागला. वाटलं, चौथं रसम आलं.

दारात एक बाई. साठीच्या आतबाहेर, सुती साडी, खांद्याला लॅपटॉपची जड पिशवी, घामानं केस कपाळाला चिकटलेले. भराभर काहीतरी बोलल्या. मी कानाकडे बोट दाखवलं, माझ्या अर्ध्या गालाला साबण. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या कन्नडमध्ये लिहिलं. तुला कन्नड वाचायचा आळस, म्हणून मी मराठीत उतरवतो. त्यांच्या शब्दांत आहे तसं:

‘मी चंदना. वसुमतीची गाईड. हॉस्टेलवर नाही, फोन लागत नाही. तिच्या टेबलावरच्या पाकिटावरून हा पत्ता घेतला. कॉम्प्रेसरच्या कंपनीला त्या शनिवारचं तापमान दाखवायचं होतं, म्हणून वाया फोल्डर उघडलं. ती उठून गेल्यावरही मशीन रेघा घेत होतं. एकवीसवर तिची रेघ दिसायला लागते. चोवीसवर अगदी स्वच्छ. पुढे कमी होत जाते आणि त्याच वेळी शेवटच्या पदार्थाची वाढते. दहाच्या थंडीत तुकडे एकमेकांपर्यंत पोचूच शकत नव्हते, आणि मग आम्ही दर वेळी सरळ पस्तीसवर उडी मारत होतो. त्या शनिवारी नळ्या बुजल्या म्हणून खिडकी पहिल्यांदाच सावकाश तापली. जुनं मशीन कायम वीसच्या वरच असायचं. हे मला सुचायला हवं होतं, मी गाईड आहे. जर्मन ग्रूपला आज सकाळी पाठवलं. ते सोमवारी सावकाश तापवून बघणार आहेत. कमिटीपुढे तिनं उभं राहायला हवं, मी नाही. तिचा मेल मी उघडलेला नाही.’

शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली आहे.

मी ‘बसा’ म्हणालो, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. पाणी घेतलं, बसत नाहीत. चपला काढून उंबऱ्याच्या आत उभ्या आहेत आणि तुझ्या बंद दाराकडे बघतायत. दार वाजवू का असं त्यांनी खुणेनं विचारलं. मी नको म्हणालो. हा कागद दाराखालून सरकवतो आहे.